जोशुआला झोपवलं, म्हणून पुढची दहा वर्षं डुब्वाची?

21 सप्टेंबर 2024, लंडनचं वेम्बली स्टेडियम, 96,000 प्रेक्षक, हेवीवेट बॉक्सिंगची लढत, पाचवी फेरी. अँथनी जोशुआचा उजवा ठोसा बसतो, डॅनियल डुब्वा हलतो. आता संपवतोच म्हणून जोशुआ अपरकट (खालून वर मारायचा ठोसा) घेऊन आत घुसतो, हनुवटी उघडी टाकून. डुब्वाचा उजवा हात त्याच्या आधी पोहोचतो आणि जोशुआ दहा आकडे संपेपर्यंत उठत नाही. ही चित्रफीत आजही फिरते, आणि तिच्यासोबत एक दावाही फिरतो. या ठोशाने डुब्वा जगज्जेता झाला. 2023 मध्ये त्याने युक्रेनच्या ओलेक्सांडर उसिकलाही पाडलंच होतं, रेफ्रीने उसिकला वाचवलं. 2025 चा उसिककडून झालेला पराभव हा अपवाद. म्हातारा उसिक बाजूला झाला की पुढची दहा वर्षं हेवीवेट डुब्वाचंच, कारण ज्याच्या हातात असा ठोसा त्याला कोण हरवणार?

जगज्जेतेपदाचं आधी उरकून घेऊ. त्या रात्री डुब्वा रिंगमध्ये उतरला तोच आयबीएफचा, म्हणजे जगज्जेतेपद देणाऱ्या संघटनांपैकी एकीचा, विजेता म्हणून. त्याआधी जूनमध्ये त्याने फिलिप हर्गोविचला आठव्या फेरीत थांबवून अंतरिम बेल्ट (तात्पुरतं विजेतेपद) मिळवला होता. उसिकने आयबीएफचं विजेतेपद सोडलं आणि डुब्वाला बढती मिळाली. वेम्बलीत त्याने बेल्ट राखला.

पोलंडमधल्या व्रोत्सवाफला झालेल्या उसिकविरुद्धच्या लढतीचं प्रकरण इतकं सोपं नाही. 26 ऑगस्ट 2023, इथेही पाचवीच फेरी. डुब्वाचा ठोसा उसिकच्या कंबरपट्ट्यावर बसला, उसिक खाली गेला. रेफ्रीने ठोसा पट्ट्याखाली, म्हणजे नियमबाह्य, ठरवला आणि उसिकला सावरायला जवळपास चार मिनिटं मिळाली. ठोसा वैध होता असं मानणारे बरेच आहेत, आणि ती फीत कितीही वेळा पाहिली तरी वाद मिटत नाही. चला, क्षणभर त्यांचंच खरं धरू. उसिक दहा आकड्यांत उठला असता की नाही, हे तरीही कुणाला सांगता येणार नाही. दिसतं ते त्यानंतरचं. समोरचा माणूस पोटात मार खाऊन नुकता उठलाय, वय 36, आणि डुब्वाच्या हातात अजून निम्म्याहून जास्त लढत आहे. अशा वेळी पोटावर परत परत मारायचं, दोरखंडाशी कोंडायचं, श्वास घेऊ द्यायचा नाही. डुब्वाला ते जमलं नाही. आठव्या फेरीत तोच खाली गेला आणि नवव्यात लढत संपली. रेफ्रीचा निर्णय पाचव्या फेरीपुरता होता. पुढच्या फेऱ्या उसिकने स्वतः जिंकल्या.

मग 19 जुलै 2025, पुन्हा वेम्बली. या वेळी रेफ्रीचा वाद नाही, पट्ट्याचा वाद नाही. उसिकने पाचव्या फेरीत डुब्वाला दोनदा पाडलं, दुसऱ्यांदा डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने), आणि खेळ आटोपला. एकाच माणसाकडून दोनदा, दोन्ही वेळा नॉकआउट. याला अपवाद म्हणायचं तर नियम कशाला म्हणायचं? त्यात नोव्हेंबर 2020 मधला जो जॉइसकडून झालेला पराभवही धरा. तिथे दहाव्या फेरीत डुब्वा गुडघ्यावर बसला, कारण जॉइसच्या जॅबने (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाने) डाव्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं होतं. त्यावरून त्याला पळपुटा म्हणणाऱ्यांची मला कीव येते. डिसेंबर 2022 मध्ये केव्हिन लेरेनाविरुद्ध पहिल्याच फेरीत तीनदा खाली जाऊन, गुडघा दुखावलेला असताना याच माणसाने तिसऱ्या फेरीत लढत जिंकली. हर्गोविचविरुद्धही सुरुवातीला त्याने सणसणीत ठोसे खाल्ले आणि मागे हटला नाही. काळीज आहे. अडचण दुसरीकडे आहे. जॅब टाकून कोन बदलणारा, समोर उभाच न राहणारा प्रतिस्पर्धी आला की डुब्वाचं डोकं एकाच रेषेत राहतं, आणि ठोसा मारून झाल्यावर तो पाहत थांबतो. जोशुआ त्या रात्री समोर उभा राहिला, चालत आत आला. उसिक असा कधीच येत नाही.

आता ‘ज्याच्या हातात असा ठोसा त्याला कोण हरवणार’. हे वाक्य प्रत्येक पिढीत कुणा ना कुणाबद्दल म्हटलं गेलंय. सप्टेंबर 1962 मध्ये सनी लिस्टनने फ्लॉइड पॅटरसनला पहिल्या फेरीत उडवलं, पुढच्या जुलैत पुन्हा पहिल्याच फेरीत. फेब्रुवारी 1964 मध्ये कॅशियस क्लेसमोर (नंतरचा मुहम्मद अली) तो सातव्या फेरीसाठी स्टूलवरून उठला नाही. जॉर्ज फोरमनने 1973 मध्ये किंग्स्टनला जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, ऑक्टोबर 1974 मध्ये किन्शासात अलीने फोरमनलाच झोपवलं. बस्टर डग्लसने फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत टायसनला हरवलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये पंधराएक पौंड जास्त वजन घेऊन होलीफील्डसमोर तिसऱ्या फेरीत आडवा झाला. हासिम रहमानने एप्रिल 2001 मध्ये लेनॉक्स लुईसला पाडलं, नोव्हेंबरात लुईसने परतफेड केली.

उलट उदाहरणंही आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. 1937 मध्ये जिम ब्रॅडॉकला नॉकआउट करून जो लुईस विजेता झाला आणि 25 वेळा बेल्ट राखून 1949 पर्यंत विजेताच राहिला. पण विजेता होण्याच्या आदल्याच वर्षी मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत झोपवलं होतं. जॅब मारल्यावर लुईसचा डावा हात खाली राहतो, हे श्मेलिंगने हेरलं होतं आणि त्यावरून उजवा सोडत राहिला. 1938 च्या परतीच्या लढतीत लुईसने त्याला पहिल्या फेरीतच संपवलं. व्लादिमिर क्लिच्कोचंही तसंच. 2003 मध्ये कोरी सँडर्सने आणि 2004 मध्ये लॅमन ब्रूस्टरने त्याला थांबवलं, सगळ्यांनी त्याला मोडीत काढलं. प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डच्या हाताखाली त्याने लांबून जॅब आणि जवळ आल्यावर मिठी अशी शैली घडवली, जी पाहायला कंटाळवाणी होती, आणि 2006 पासून 2015 पर्यंत राज्य केलं. सँडर्स आणि ब्रूस्टरची नावं आज किती जणांना आठवतात?

वयाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. डुब्वाचा जन्म सप्टेंबर 1997 चा, म्हणजे त्याच्याकडे वेळ आहे. पण हेवीवेट उशिरा पिकतात. फोरमनने दुसऱ्यांदा बेल्ट जिंकला तेव्हा तो 45 वर्षांचा होता, आणि डुब्वाला दुसऱ्यांदा हरवताना उसिक 38 चा. शिवाय घड्याळ दुसऱ्या बाजूनेही चालतं. डिसेंबर 2004 मध्ये जन्मलेल्या मोझेस इटाउमाने ऑगस्ट 2025 मध्ये डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत थांबवलं. दहा वर्षांचा हिशेब मांडायचा तर वयाच्या बाबतीत इटाउमा डुब्वाच्या सात वर्षं पुढे आहे.

म्हणून डुब्वाची पुढची लढत पाहताना मी नॉकआउटची वाट बघणार नाही. सहाव्या फेरीनंतर, समोरचा हलत असताना, त्याचा जॅब चालू राहतो का आणि जॅबनंतर डोकं जागा बदलतं का, एवढंच मला बघायचंय.