मन एकट्याच्या कवटीत घडलं नाही

माझी भाची अकरा महिन्यांची आहे. परवा संध्याकाळी ती माझ्या मांडीवर बसली होती आणि समोरच्या भिंतीवर पडद्याची सावली हलत होती. तिने बोट दाखवलं. माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं. तिने पुन्हा बोट दाखवलं, "अं!" केलं आणि मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी सावलीकडे बघितल्यावर तिचा चेहरा फुलला, हात खाली गेला. तिला सावली नको होती. मी ती बघावी, एवढंच तिला हवं होतं.

माणसाचं मन कसं घडलं याबद्दल मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचते. वाचून वाचून माझं जे मत झालंय, ते त्या बोटापाशी येऊन थांबतं. जंगलातले चिंपांझी खाण्याकडे हात पसरतात, एकमेकांना हाका मारतात, पण "ते बघ, किती छान आहे" एवढ्यासाठी बोट दाखवताना ते जवळजवळ दिसतच नाहीत. आपली मुलं मात्र बोलायच्या आधी, बरीचशी तर चालायच्याही आधी, हे करतात.

आपल्या कानावर सहसा पडते ती गोष्ट वेगळी असते. माणसाचा मेंदू वाढत गेला. ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ल्युसीच्या, म्हणजे माणसासारखी दोन पायांवर चालणाऱ्या आदिम मादीच्या, जातकुळीत तो साधारण ४५० घन सेंटिमीटर होता, आपला १३५०च्या आसपास आहे. पुरेसा मोठा झाल्यावर, ५० हजार वर्षांपूर्वी कधीतरी, डोक्यात दिवा लागला आणि चित्रं, दागिने, भाषा, देव सगळं एकदम सुरू झालं. ऐकायला छान आहे. मला ती अजिबात पटत नाही.

एक तर निअँडरथल माणसाचा, म्हणजे आपल्या जवळच्या पण आता नामशेष झालेल्या मानवजातीचा, मेंदू आपल्याइतकाच, कधी थोडा मोठाच होता. आकारावर सगळं ठरत असतं तर आज ही पोस्ट त्यांच्यापैकी कोणीतरी लिहिली असती. दुसरं म्हणजे हा दिवा एकदम लागलाच नाही. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदला सापडलेली आपल्या जातीची हाडं ३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत १ लाख वर्षांपूर्वी कोणीतरी गेरू कुटून, त्यात हाडांची चरबी आणि कोळसा मिसळून, शिंपल्यात रंग कालवून ठेवला होता. त्याच गुहेत सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा गेरूचा तुकडा मिळाला, त्यावर तिरप्या रेघांची एकमेकींना छेदणारी जाळी कोरलेली आहे. आणि दक्षिण आफ्रिकेत या काळातली कौशल्यं येतात, काही हजार वर्षं टिकतात, नाहीशी होतात. मेंदू तोच असताना कौशल्य का नाहीसं व्हावं? मला वाटतं, ते कौशल्य एकेका डोक्यात नव्हतंच. ते माणसामाणसांमध्ये होतं. माणसं पांगली किंवा थोडी उरली की तेही गेलं.

मेंदू हे फार महाग प्रकरण आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा त्याचा. चार-पाच वर्षांच्या मुलात हा वाटा याच्या दुपटीहून जास्त असतो. शिवाय जन्मतः बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश. बाकीची वाढ बाहेर आल्यावर, आवाजांत, चेहऱ्यांत, हातांत. असं मूल एकटी आई पोसू शकत नाही. आजी लागते, मावशी लागते, मोठी भावंडं लागतात, ज्यांच्याशी रक्ताचं नातं नाही अशीही माणसं लागतात. सारा ब्लॅफर हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं असं, की ज्या बाळाला अनेकांच्या भरवशावर जगायचं होतं त्याला अनेकांची मनं ओळखावी लागली. हा कोण, आज कसा आहे, माझ्याकडे बघतोय का. जे बाळ हे ओळखू शकलं ते जगलं. मन म्हणजे काय याबद्दल जेवढं वाचलंय त्यात मला याहून खोल काही भेटलेलं नाही.

दगडात विचार उरत नाही. पण काळजी कधीकधी उरते. जॉर्जिया देशातल्या द्मानिसीला सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीची एक कवटी मिळाली. तिच्या मालकाचे एक सोडून सगळे दात मरण्याच्या बऱ्याच आधी पडलेले, कारण दातांच्या खोबणी हाडाने भरून आल्या होत्या. त्याने आपलं आपण दगडाने ठेचून खाल्लं असेल असं म्हणता येतं, आणि तसं म्हणणारे आहेतही. माझा कल दुसरीकडे आहे. इराकमधल्या शानिदार गुहेतला निअँडरथल पुरुष बघा. लहानपणी किंवा तरुणपणी डोक्याला जबर मार, एक डोळा बहुधा गेलेला, उजवा हात वाळलेला आणि कोपरापासून पुढे नाहीच, पायांत अधूपणा, कानांच्या नळीत हाड वाढल्यामुळे ऐकू येणंही अवघड. तरी तो चाळिशीपर्यंत जगला. सिंह-लांडग्यांच्या जगात इतकी वर्षं कोणीतरी त्याच्यासाठी थांबत होतं, यापलीकडे दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

आणि केनियातल्या पांगा या सायदी गुहेतलं ते मूल. ७८ हजार वर्षांपूर्वीचं, अडीच-तीन वर्षांचं. संशोधकांनी त्याला नाव दिलं 'म्टोटो', स्वाहिलीत म्हणजे मूल. हाडं इतकी भुसभुशीत की प्लॅस्टरमध्ये सगळा गोळाच उचलावा लागला. खड्डा मुद्दाम खणलेला. मूल उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेलं, वरचं अंग कशात तरी घट्ट गुंडाळलेलं. मान ज्या पद्धतीने खाली कलली आहे त्यावरून दिसतं की डोक्याखाली उशीसारखं काहीतरी होतं. ते कुजलं आणि डोकं खाली आलं. मेलेल्या मुलाच्या डोक्याखाली उशी. त्याला ती टोचणार नव्हती, मऊही लागणार नव्हती. ठेवणाऱ्याला हे ठाऊक होतं, तरी ठेवली.

आपल्या भाषेला हे आधीपासून कळलेलं असावं असं मला नेहमी वाटतं. ती मनाला कवटीत कोंडत नाही. माया पोटात असते, धस्स काळजात होतं, राग डोक्यात जातो. मन मोकळं करायला समोर कोणीतरी लागतं. मन राखायचं, मोडायचं, वळवायचं, जिंकायचं तर दुसऱ्याचंच. या शब्दांतून दुसरा माणूस काढून टाकला तर हातात फारसं उरत नाही.

दुसऱ्याचं मन ओळखण्यात आपण चुकतोही, आणि मोठी माणसं मोठ्या चुका करतात. स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेत १८७९ साली सान्स दे साउतुओला हे हौशी संशोधक जमिनीवर हत्यारं शोधत होते आणि त्यांच्या आठ वर्षांच्या मारियाने वर बघितलं. छतावर रानबैल होते. तिने वडिलांना दाखवले. त्यांनी ते जगाला दाखवले, तेव्हा बड्या अभ्यासकांनी ते मानले नाहीत. इतक्या जुन्या रानटी माणसाच्या हातून असं काही होणंच शक्य नाही, हा त्यांचा ठाम समज. साउतुओलांवर बनावटगिरीचा आळ आला आणि ते १८८८ मध्ये गेले. विरोधकांतले एमिल कार्तेयाक यांनी १९०२ साली जाहीरपणे चूक कबूल केली, चौदा वर्षं उशिरा. मला या हकिकतीचा अजूनही राग येतो. एका माणसाच्या नावाला काळं लागलं म्हणून तर येतोच, पण त्याहून जास्त यासाठी की छतावर समोर दिसत असलेलं मन नाकारलं गेलं, केवळ ते 'आपल्यासारखं' असेल ही कल्पनाच सहन होईना म्हणून.

फ्रान्समध्ये रुफिन्याक नावाची लांबच लांब गुहा आहे, मॅमथच्या चित्रांसाठी प्रसिद्ध. तिच्या भिंती आणि छत काही ठिकाणी मऊ आहेत, बोट फिरवलं की खाच पडते. १३-१४ हजार वर्षांपूर्वी माणसांनी तिथे बोटांनी रेघा ओढल्या. त्या रेघांची रुंदी मोजल्यावर लक्षात आलं की बऱ्याचशा लहान मुलांच्या आहेत, काही तर दोन-तीन वर्षांच्या. त्यातल्या काही छतावर आहेत, जिथे असं मूल स्वतः पोचूच शकत नाही. म्हणजे त्या काळोखात कोणीतरी त्याला उचलून धरलं होतं. एका हातात दिवा असेल किंवा दिवा धरायला आणखी कोणी असेल. मुलाने हात वर केला, बोटं टेकवली आणि उचलणारा चालत राहिला, कारण रेघ लांबवर गेली आहे.