‘डार्केस्ट डंजन’मध्ये सगळं नशिबावर असतं, या म्हणण्याला उत्तर

‘डार्केस्ट डंजन’ या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्यात आपल्या हातात काहीच नसतं, सगळं आरएनजी (गेमचे यादृच्छिक आकडे) ठरवतं. नशीब असेल तर जिंकाल, नाहीतर अख्खी पार्टी मरेल.’ व्हँकूव्हरच्या रेड हूक स्टुडिओजने २०१६ मध्ये हा गेम पूर्ण स्वरूपात आणला आणि हे वाक्य त्याला चिकटलं ते चिकटलंच. ते ऐकून कितीतरी जण गेमच्या वाटेलाच जात नाहीत, काही जण दोन-चार मोहिमांत सोडून देतात. मला हा गेम मनापासून आवडतो, म्हणून त्या म्हणण्यामागचे मुद्दे एकेक करून तपासतो.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार हिरोंची पार्टी घेऊन अंधाऱ्या भुयारांत उतरायचं, वाचतील त्यांना गावात परत आणून सावरायचं. मेला तो कायमचा मेला. गेम सतत आपोआप सेव्ह होतो, त्यामुळे केलेली चाल मागे घेता येत नाही.

पहिला आक्षेप, ‘९० टक्क्यांचा वार हुकतो, म्हणजे आकडे खोटे आहेत.’ ९० टक्के म्हणजे सरासरी दहांतला एक वार हुकणारच. लागोपाठ दोन हुकण्याची शक्यता शंभरात एक, आणि पूर्ण कॅम्पेनमध्ये, म्हणजे सगळ्या मोहिमा मिळून, आपण हजारो वार करतो. म्हणजे असे प्रसंग अनेकदा येणार. लागलेले वार विसरले जातात, हुकलेला मात्र डोक्यात राहतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ‘शत्रूचा एक क्रिट (नेहमीपेक्षा जबर वार) बसला की हिरो गेला, त्यात आपण काय करणार?’ इथे गेमचा नियम नीट पाहायला हवा, कारण नेमकं उलट आहे. हिरोचं आरोग्य शून्यावर आणणारा वार त्याला मारत नाही. हिरो ‘डेथ्स डोअर’वर, म्हणजे मृत्यूच्या दारात, जातो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक वाराला तो जगणार की मरणार याचे फासे पडतात. बहुतेक हिरोंना तिथे तग धरण्याची मूळ शक्यता ६७ टक्के असते. एक वार झेलला तर तीनात दोन वेळा वाचेल, तीन वार झेलले तर वाचण्याची शक्यता ३० टक्क्यांवर येते.

आणि आता खरी गोष्ट. त्याला फक्त एक अंकाने हील केलं, म्हणजे बरं केलं, तरी तो त्या दारातून बाहेर येतो. मग पुढचा वार पुन्हा त्याला शून्यावरच आणतो, मृत्यूचे फासे पडतच नाहीत. म्हणूनच व्हेस्टल या उपचार करणाऱ्या हिरोचं, सगळ्यांना थोडं थोडं बरं करणारं हील कागदावर किरकोळ दिसतं आणि अडचणीत पार्टी वाचवतं. रक्तस्राव किंवा विष चालू असेल तर त्याचा प्रत्येक ठोकासुद्धा हे फासे टाकायला लावतो. पण पट्टी किंवा विषावरचा उतारा वापरायला पाळी खर्च होत नाही. पट्ट्या सोबत आहेत की नाहीत, हे मात्र निघण्याआधी दुकानात ठरलेलं असतं. चार पैसे वाचवायला पट्ट्या घेतल्या नाहीत आणि हिरो रक्तस्रावाने गेला, तर तो दोष फाशांचा कसा?

स्ट्रेसचंही, म्हणजे हिरोच्या मनावरच्या ताणाचंही, तसंच. शंभरावर पोहोचला की हिरो खचतो किंवा उलट जिद्दीने उभा राहतो, आणि जिद्दीने उभं राहण्याची मूळ शक्यता जेमतेम चारात एक. लोक या क्षणाला नशीब म्हणतात. पण शंभर एका फटक्यात होत नाहीत. अवशेष नावाच्या भागातल्या लढाईत मागच्या रांगेत पेला घेऊन उभा असलेला सांगाडा दिसायला साधा, पण तोच स्ट्रेस ओततो. नवखा खेळाडू समोरचा तलवारवाला आधी मारत बसतो. प्लेग डॉक्टर या हिरोने मागच्या दोघांना स्टन केलं (त्यांची पाळी हुकवली), हायवेमन या दुसऱ्या हिरोने पिस्तूल मागे रोखलं, की शंभरची वेळच टळते. मोहीम अर्धवट सोडून परत येता येतं हेही अनेकांच्या गावी नसतं. थोडा स्ट्रेस वाढतो, पण बहुतेक मोहिमांतून चारही जण जिवंत परततात.

माझ्या मते सगळ्यात भक्कम उत्तर वेगळंच आहे: नशिबाची मात्रा किती घ्यायची, हे खेळाडूच ठरवतो. टॉर्च पेटती ठेवली तर धोका कमी. विझू दिली तर लूट वाढते आणि शत्रूचे क्रिटही. व्हेस्टल नेली तर हील छोटं पण भरवशाचं. ऑकल्टिस्ट हा दुसरा उपचार करणारा हिरो नेला तर पहिल्या पातळीवर त्याचं हील शून्यापासून तेरापर्यंत काहीही होऊ शकतं, वर रक्तस्रावाची जोखीम. पण त्याला नेलं कोणी? आपल्याकडे रमीबद्दल हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९६८ मध्ये न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, कारण पानं कशीही वाटली गेली तरी कुठलं गेलं हे लक्षात ठेवणं आणि कुठलं धरायचं, कुठलं टाकायचं हे ठरवणं खेळणाऱ्याकडेच असतं. हाच निकष इथे लावा.

‘जिंकणारे नशीबवान’ हा शेवटचा आक्षेप लगेच निकालात निघतो. या गेमच्या सगळ्यात कठीण मोडमध्ये आठवड्यांची आणि मृत्यूंची मर्यादा असते, ती ओलांडली की कॅम्पेन संपलं. तरी तेच तेच खेळाडू तो पुन्हा पुन्हा पूर्ण करतात. निव्वळ फासे इतके एकाच बाजूने पडत नाहीत.

एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. वरच्या पातळीचा हिरो गेला की त्याच्या जागी नवा घडवायला कितीतरी तास लागतात, आणि त्यात त्याच त्या मोहिमा पुन्हा खेळाव्या लागतात. नोकरी सांभाळून खेळणाऱ्याला हे जाचक होतं. पण हा प्रश्न वेळेचा आहे, नशिबाचा नाही. त्यासाठी गेममध्ये रेडियंट मोड आहे: कॅम्पेन आखूड होतं, अनुभवी हिरो सोप्या मोहिमांना नकार देत नाहीत, आणि वर सांगितलेले डेथ्स डोअरचे, स्ट्रेसचे निर्णय तिथेही घ्यावेच लागतात. नशिबाला कंटाळून गेम सोडलेल्यांनी तिथून पुन्हा सुरुवात करावी, आणि निघताना पट्ट्या घ्याव्यात.