शॉवरला पिशवी बांधण्यापूर्वी

गेले काही महिने एक संदेश फोनवरून सारखा फिरतोय. तो थोडक्यात असा: ‘शॉवरमधून पाणी कमी येतंय? शॉवर उघडायची गरज नाही. प्लास्टिकच्या पिशवीत एक कप व्हिनेगर आणि तीन चमचे खाण्याचा सोडा घाला, पिशवी शॉवरला रबरबँडने बांधा आणि रात्रभर ठेवा. सोड्याने व्हिनेगरची ताकद दुप्पट होते. क्षार विरघळतो, जंतू शंभर टक्के मरतात. कुठल्याही शॉवरला चालतं. सकाळी छिद्रं सुईने टोचून मोकळी करा. काळे डाग असतील तर पिशवीत थोडं ब्लीच घाला.’ आणि खाली, ‘सर्वांना पाठवा’.

मला तो वहिनीने पाठवला. मागोमाग तिचा फोन आला, “अगं, दोनदा केलं. फेस एवढा आला, पण पाणी आपलं तसंच!” मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. या संदेशातलं थोडं बरोबर आहे, बरंचसं चूक आहे आणि एक ओळ धोक्याची आहे. म्हणून एकेका दाव्याला उत्तर देते.

सुरुवात शेवटच्या ओळीपासून, कारण बाकीच्या चुकांनी फार तर शॉवर खराब होईल, ही चूक मात्र माणसाला इजा करते. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. मग ते आम्ल व्हिनेगरमधलं असो, लिंबातलं असो की संडास साफ करायच्या द्रावातलं. न्हाणीघर लहान, दार लोटलेलं, आणि पिशवी बांधताना आपलं नाक नेमकं तिच्याजवळ. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, दमा असलेल्याला धाप लागायला वेळ लागत नाही. कुणी आधीच असं मिश्रण केलं असेल आणि झोंबरा वास येत असेल, तर पिशवी सोडवत बसू नका. बाहेर या, हवा खेळू द्या, श्वासाचा त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा. व्हिनेगर आणि ब्लीच एका भांड्यात कधीही नको, थोडंसुद्धा नको.

आता तो फेस. ‘सोड्याने व्हिनेगरची ताकद दुप्पट होते’ या वाक्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो, कारण डोळ्यांसमोर काहीतरी जोरात घडताना दिसतं. शॉवरवर जमणारा पांढरा खरखरीत थर बहुतेक करून कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. क्षाराच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं, किंवा छिद्राच्या तोंडाशी थेंब वाळला, की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाण्यात न विरघळणारं कार्बोनेट मागे राहतं. गरम पाण्याच्या शॉवरवर थर लवकर चढतो तो यामुळेच. हा थर आम्लात विरघळतो, तेव्हा व्हिनेगरची निवड अगदी योग्य आहे. घोळ होतो तो सोड्यामुळे.

हिशोबच करू. स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. २०० मिलिलिटर घेतलं तर सुमारे १० ग्रॅम आम्ल. तेवढं आम्ल ८ ग्रॅमच्या आसपास क्षार विरघळवू शकतं, आणि एका शॉवरला ते भरपूर झालं. पण तेच १० ग्रॅम आम्ल संपवून टाकायला १४ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. चहाच्या चमच्याने मोजलं तर जवळपास तीन सपाट चमचे, म्हणजे संदेशात सांगितलेत तेवढेच. फसफसून जातं ते आम्ल, आणि ते क्षाराला हात लावायच्या आधीच जातं. रात्रभर शॉवरला लटकत राहतं ते सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. त्याच्याने क्षाराचा कणही हलत नाही.

वर्गात मी हे अंड्याच्या कवचावर दाखवते, कारण कवचही कॅल्शियम कार्बोनेटचंच. एका ग्लासात नुसतं व्हिनेगर, दुसऱ्यात व्हिनेगर आणि सोडा, दोन्हींत कवचाचा एकेक तुकडा. दुसऱ्या ग्लासात फेस काठापर्यंत चढतो, मुलं ओरडतात, आणि मिनिटाभरात सगळं शांत होतं. पहिल्यात नुसते बारीक बुडबुडे कवचाला चिकटून बसलेले असतात, मुलांना ते बघायचा कंटाळा येतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या ग्लासात बोटांत घेतल्यावर मुडपणारा मऊ पापुद्रा उरलेला असतो. दुसऱ्यातलं कवच चिमटीत दाबलं की अजून कडकन मोडतं. क्षारावर काम करणारे बुडबुडे असे हळू आणि बारीक असतात, ते आम्ल आणि क्षार एकमेकांना भिडल्याचे असतात. सोडा वाईट नाही. ओल्या फडक्यावर घेऊन बाहेरचा चिकटपणा पुसायला तो चांगला आहे, फक्त व्हिनेगरसोबत नको.

‘रात्रभर ठेवा’ आणि ‘कुठल्याही शॉवरला चालतं’ हे दावे एकत्रच घेते. चकचकीत शॉवर आतून बहुधा पितळेचा नाहीतर प्लास्टिकचा असतो आणि वर निकेल-क्रोमचा मुलामा. त्यातला क्रोमचा थर अतिशय पातळ. तो शाबूत असेल तर तासभर व्हिनेगर सोसतो. पण जिथे बारीक टोचे पडलेत, कडेला पापुद्रा सुटलाय, तिथून आम्ल खाली शिरतं आणि मुलामा आणखी उचलतं. सोनेरी, काळ्या, पितळी किंवा निकेलच्या फिनिशवर तर मी रात्रभर आम्ल ठेवणारच नाही. एकदा रंग उडाला की तो घासून परत येत नाही. क्रोम असेल तर अर्धा तास ठेवा, काढून बघा, थर उरला असेल तर ताजं व्हिनेगर घेऊन पुन्हा अर्धा तास. बाकीच्या फिनिशला त्याच्या माहितीपत्रकात सांगितलंय तेवढंच करा. व्हिनेगरचा वास सोसत नसेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक ॲसिड, ज्याला आपण लिंबूसत्व म्हणतो, तेही तेच काम करतं. संडास साफ करायचा द्राव मात्र शॉवरला लावू नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोमच खातं.

सुईचं उत्तर लहान आहे. सुईने छिद्राची कड ओरखडते, धार वाकडी होते, आणि खरबरीत कडेवर क्षार पुढच्या वेळी लवकर धरतो. थर भिजून मऊ झाल्यावर जुना टूथब्रश किंवा लाकडी दातकोरणं पुरतं. छिद्रांना रबरासारखे सिलिकॉनचे दाणे असतील तर पाणी चालू ठेवून त्यांच्यावरून अंगठा दाबून फिरवा, क्षाराचे तुकडे आपोआप सुटून पडतात.

‘उघडायची गरज नाही’ हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. मी वहिनीकडे गेले तेव्हा तिच्या शॉवरची छिद्रं बऱ्यापैकी मोकळी होती. पान्ह्याला फडकं गुंडाळलं, एका हाताने भिंतीतला पाइप घट्ट धरला आणि शॉवर फिरवून काढला. आट्यांच्या आत, मानेशी, नाण्याएवढी गोल जाळी बसवलेली असते. ती टोकाने उचलून तळहातावर उलटी केली. तांबूस वाळू, गंजाच्या दोन-तीन खपल्या आणि टेफ्लॉन टेपचा एक पांढरा, पिळलेला तुकडा! पाणी अडत होतं ते इथे. तोंडाशी बांधलेल्या पिशवीतलं पाणी या जाळीपर्यंत नीट पोचत नाही, आणि पोचलं तरी वाळू किंवा टेफ्लॉन व्हिनेगरमध्ये विरघळत नाही. नळाखाली ब्रशने जाळी धुतली, परत बसवली. सगळी मिळून दहा मिनिटं गेली असतील. पाणी पहिल्यासारखं आलं. म्हणून पाणी कमी झालं की आधी जाळी बघा, आम्लाचा विचार नंतर.

आता ‘जंतू शंभर टक्के मरतात’. शॉवरच्या आत जंतू एकेकटे नसतात, त्यांचा बुळबुळीत थर बसलेला असतो आणि तो आतल्या जंतूंना झाकून ठेवतो. २००९ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या नॉर्मन पेस यांच्या गटाने अमेरिकेतल्या नऊ शहरांतले शॉवर तपासले. काहींच्या आतल्या थरात मायकोबॅक्टेरियम एव्हियमसारख्या जंतूंचं प्रमाण येणाऱ्या पाण्यातल्यापेक्षा शंभरपटींहून जास्त निघालं. हे जंतू क्लोरीनला पुष्कळच दाद देत नाहीत. आणि पाणी येत राहतं तसे नवे जंतूही येत राहतात. घरातल्या व्हिनेगरने एका रात्रीत शॉवर निर्जंतुक होतो असं सांगणं म्हणजे खोटा भरवसा देणं आहे.

यात घाबरण्यासारखं काही नाही, धडधाकट माणूस रोज अशाच पाण्याने आंघोळ करतो. पण घरात वयस्कर माणूस, फुप्फुसाचा जुना आजार, किंवा उपचारांमुळे कमी झालेली प्रतिकारशक्ती असेल तर लिजिओनेला हे नाव माहीत असावं. १९७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली, त्यावरून हे नाव पडलं. हा जंतू २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतो, साचलेलं पाणी आणि क्षाराचा थर त्याला मानवतो, आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून तो श्वासात जाऊ शकतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याची सूचना आहे की शॉवर आणि त्याची नळी निदान दर तीन महिन्यांनी सुटी करून साफ करावी, क्षार काढावा, आणि क्वचित वापरातला शॉवर आठवड्यातून एकदा वाहता करावा. सूचनेत ‘सुटी करून’ हे शब्द आहेत, पिशवी नाही. जंतूंचं घर मोडतं ते घासण्याने आणि पाणी वाहतं ठेवण्याने. गावाहून परतल्यावर मी शॉवर खाली बादलीत सोडून काही मिनिटं पाणी जाऊ देते, तोवर न्हाणीघरात थांबत नाही.

शॉवर परत बसवताना एवढं करा. आधी नुसत्या पाइपातून क्षणभर पाणी सोडा, म्हणजे आत राहिलेली वाळू बाहेर पडेल. आत रबराचा वॉशर असेल तर टेपची गरज नसते. वॉशर नसेल तर पाइपाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे घ्या, शॉवर ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने, आणि पहिला आटा उघडा ठेवा. वहिनीच्या जाळीत अडकलेला तो पिळलेला तुकडा बहुधा पुढे आलेल्या टेपचाच होता.