सात की साठ

गेली अकरा वर्षं मी इंजिनिअरिंग कॉलेजात कम्युनिकेशन सिस्टिम्स शिकवते. ‘सिग्नल-टू-नॉइज रेशो म्हणजे काय?’ (हवा तो सिग्नल नको त्या गोंगाटाच्या, म्हणजे नॉइजच्या, किती पट) हा दोन मार्कांचा प्रश्न दर परीक्षेला काढते आणि उत्तर चुकलं की पोरांना झापते. त्यामुळे आमच्या बाल्कनीत 60 किलो टोमॅटो कसे आले, हे स्टाफरूममध्ये सांगायची सोय नाही.

आत्या नारायणगावला असते. फोन कायम स्पीकरवर, ताट धरावं तसा हातावर आडवा. तिच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी. इकडे नवऱ्यानं चटणीसाठी मिक्सर लावलेला आणि कुकर तिसऱ्या शिट्टीच्या तयारीत.

“अगं, टोमॅटो पाठवतेय. साऽऽ किलो. टेंपो मार्केट यार्डाला येतोच आहे.”

मला ‘सात’ ऐकू आलं. ‘त’ आणि ‘ठ’ यांत फरक तो केवढा? जिभेची जागा आणि चिमूटभर श्वास. गिरणीपुढे तो कुठला टिकायला!

मी फोनचा आवाज वाढवला. वर्गात मी घसा फोडून सांगते की आवाज वाढवून काही होत नाही. सिग्नल वाढतो तसा नॉइजही वाढतो, गुणोत्तर तेच राहतं. त्याप्रमाणे गिरणी थेट माझ्या कानात सुरू झाली. मग आत्याच ओरडायला लागली. हा उपाय खरा, पण महागाचा: ताकद दुप्पट केली तर जेमतेम 3 डेसिबल (हे गुणोत्तर मोजायचं माप) हाती लागतात, आणि तेवढ्यात नवऱ्यानं मिक्सर एकवरून तीनवर नेला.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 साली गणितानं दाखवून दिलं, की गोंगाट असला तरी ठरावीक वेगाच्या आत राहिलं तर निरोप जवळजवळ बिनचूक पोचवता येतो. त्यानं आत्याचा वेग ऐकलेला नव्हता.

पुन्हापुन्हा सांगणं हाही एक उपाय. एकच गोष्ट चारदा ऐकून सरासरी काढली, तर 6 डेसिबलचा फायदा होतो. आत्यानं चारदा सांगितलंच, पण चुलतसासऱ्यांच्या गुडघ्याचं. किलो एकदाच.

गंमत म्हणजे तिच्या गावापासून जवळच, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. आकाशातून येणारे इतके क्षीण सिग्नल, की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीतच बुडालेले. ते तासन्‌तास साठवून, सरासरी काढून वेचायचे. त्या लोकांच्या लेखी मोबाइलच्या लहरी म्हणजे कटकट. आत्याचा फोन तिथं नॉइजमध्ये जमा होतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

“हो आत्या, पाठव,” मी म्हटलं.

शनिवारी सकाळी टेंपोवाल्यानं तीन क्रेट उतरवले. भाव पडलाय, बाजारात फेकण्यापेक्षा तू सॉस कर, असं आत्या म्हणाली होती म्हणे. ते नेमकं शिट्टीत गेलं. नवऱ्यानं क्रेट पाहिले, मला पाहिलं आणि मुकाट्यानं मिक्सर काढला.

तिसरं भांडं फिरत असताना आत्याचा फोन आला.

“मिळाले का गं?”

“मिळाले आत्या! साठ किलो!”

“आठ?” पलीकडे क्षणभर नुसती गिरणी. “थांब, बघतेच त्या टेंपोवाल्याकडं. बावन्न किलो खाल्ले मेल्यानं!”