पाणमांजर आणि आमचा व्हाळ

२०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर बर्ड फ्लूने हत्ती-सीलची १७ हजारांवर पिल्लं गेली, हे समुद्री प्राण्यांच्या रोगांवरच्या एका लेखात वाचून अंगावर काटा आला. पण त्यात जमिनीवरून समुद्रात जाणाऱ्या रोगांवर एकच ओळ? कॅलिफोर्नियातली समुद्री पाणमांजरं घ्या. मांजराच्या विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात उतरतो, गोगलगायी-शिंपल्यांत साठतो आणि त्या खाणाऱ्या पाणमांजरांच्या मेंदूपर्यंत पोचतो. (पाणमांजर मरतंय ते मांजरापायी!) मीठ लागलं की जंतू मरतात, हा आपला गोड गैरसमज.

आमच्याकडे गोव्यात मोरजीला पहिल्या मोठ्या पावसात व्हाळ, म्हणजे ओढा, रेती फोडून दर्याला मिळतो. किनाऱ्यावरच्या शॅकमागची (खाणावळींमागची) घाण, मासळीची आतडी, मांजरा-कुत्र्यांचं सगळं त्या तांबड्या पाण्यातून जातं. ह्याच किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, आणि इथले तिसऱ्या-शिनाणे हे शिंपले आपण चवीने खातो.

गेल्या पावसाळ्यात मेलेला डॉल्फिन लागला होता. लोक पोरांना त्याच्या पाठीवर हात ठेवायला लावून फोटो काढत होते, शेपटीला कुत्रा लागलेला. डॉल्फिनमधला ब्रुसेला हा जिवाणू माणसालाही लागू शकतो, मी म्हटलं, लांब राहा. एक बाप्पा म्हणतो, ‘मेलेल्याचं काय लागतं रे?’