सहा इंचांची बाज

फिलिपिन्समधील शाळांत ऑगस्ट हा राष्ट्रभाषेचा महिना म्हणून साजरा होतो आणि त्या निमित्ताने मुलांनी परंपरेशी नाते सांगणारी एखादी वस्तू हाताने करून आणावी, अशी अपेक्षा असते. कोणाच्या हाताने, हे परिपत्रकात लिहिलेले नसते. उत्तरेकडच्या लाओआग शहराजवळील आमच्या मुलीच्या शाळेने यंदा जुन्या इलोकानो, म्हणजे इथल्या स्थानिक लोकांच्या, घरातील बांबूचे सामान एकास बारा या प्रमाणात मागवले: बसायचा बाक, दुलांग म्हणजे जेवणाचे बुटके टेबल, इंदायोन म्हणजे बाळाचा पाळणा, आणि पापाग. पापाग म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची बाज. घराखालच्या मोकळ्या जागेत नाहीतर आंब्याच्या झाडाखाली ती मांडलेली असते आणि दुपारची झोप, भाजी निवडणे व गावच्या राजकारणाची चर्चा असे सगळे व्यवहार तिच्यावरच चालतात. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि आमच्या वाट्याला पापाग आली.

बांगीच्या किनाऱ्यावरील ७० मीटर उंचीच्या पवनचक्क्यांची देखभाल हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे सहा इंचांच्या बाजेची धास्ती वाटण्याचे काही कारण नव्हते. शिवाय लहानपणी मी दर दिवाळीत किल्ला केलेला होता. मात्र किल्ल्यावर मावळा महादरवाज्यापेक्षा उंच आणि वाघ बुरुजापेक्षा थोर असला, तरी कोणी फूटपट्टी घेऊन येत नाही. येथे शिक्षिकाबाईंनी मापांचा तक्ताच सोबत जोडला होता.

बांबू तोडण्यासाठी मी शेजारच्या ताताकडे बुनेंग, म्हणजे इकडचा कोयता, मागायला गेलो. ताता सत्तरी ओलांडलेले सुतार असून वडीलधाऱ्यांना ‘ताता’ म्हणण्याच्या येथील रीतीप्रमाणे सारी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखते. त्यांनी बुनेंग दिला नाही.

“इंजिनियर, ऑगस्टमध्ये कोणी बांबू तोडतो का?”

येथे इंजिनियर ही पदवी नावासारखी लावतात आणि ती ऐकताना एरवी बरे वाटते. पावसाळ्यात बांबू ओला आणि पिठूळ असतो, त्या पिष्टाच्या वासावर बुकबोक नावाचा भुंगा येतो आणि आतून पोखरून बांबूची भुकटी करतो, असे त्यांनी मला समजावले. आमच्या गावाकडेही जुनी माणसे पावसाळ्यात बांबू तोडत नसत आणि तोडायचाच झाला तर अमावास्या जवळ येण्याची वाट पाहत, त्यामुळे मला वाद घालता येईना. ही बाज शुक्रवारपर्यंत टिकली तरी पुरे, असे मी नम्रपणे सुचवले. त्यावर, जी नातवंडांना पुरत नाही तिला पापाग म्हणत नाहीत, असा निकाल देऊन त्यांनी आपल्या मोडक्या पापागचा धुराने काळा पडलेला एक पाय मला दिला. इलोकानो माणूस काटकसरी म्हणून देशभर प्रसिद्ध आहे; तो पाय त्यांनी नेमक्या अशाच प्रसंगासाठी वर्षानुवर्षे जपून ठेवला असावा.

खरी आपत्ती यानंतर सुरू झाली. लाकूड कितीही बारीक करा, ते लाकूडच राहते. बांबूचे तसे नाही. तीन इंच जाडीचा पोकळ वासा बाराव्या हिश्श्याने लहान करायचा म्हटला, तर पाव इंचाचा पोकळ बांबू हवा, त्याची पेरेही त्याच प्रमाणात जवळ आलेली हवीत, आणि असा बांबू निसर्गाने शाळेच्या सोयीसाठी उगवलेला नाही. अखेर काटेरी बांबूच्या बेटाखाली वाळून पडलेल्या फांद्या मी भर पावसात वेचून आणल्या. त्या बेटाला काटेरी का म्हणतात, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

बाजेच्या वरच्या पट्ट्या तक्त्यानुसार दोन मिलिमीटर रुंदीच्या हव्या होत्या. बांबू चिरताना चीर हटकून पातळ बाजूकडे पळते आणि तिला पुन्हा मध्यावर आणायचे, तर जाड बाजू अधिक वाकवावी लागते. ताता हे एकीकडे हवामानावर बोलत सहज करतात. मी जाड बाजू वाकवेपर्यंत पातळ बाजू संपलेली असे. बांबूच्या सालीत सिलिका असल्यामुळे कटरचे पाते पाहता पाहता बोथट होते आणि बोट मात्र पहिल्याइतकेच मऊ राहते. संध्याकाळी बायकोने येऊन विचारले, “अहो, दात कोरायच्या काड्या विकत मिळतात ना?” त्या प्रश्नाला माझ्याकडे तांत्रिक उत्तर नव्हते.

पारंपरिक पापागला खिळा नसतो. पायाला भोक पाडून त्यातून आडवा वासा आरपार घालतात आणि बांबूचीच खुंटी ठोकतात. आमच्या मापात ती खुंटी एक मिलिमीटरची झाली. तिच्यासाठी भोक पाडू लागलो की पाय मुकाट्याने उभा चिरे, कारण बांबूचे सारे तंतू एकाच दिशेने धावतात. शेवटी पाय तातांनी आपल्या हातांनी केले, चष्माही न लावता. पट्ट्या बायोग नावाच्या बांबूच्या पातीने बांधायच्या, अशी ताकीद देऊन ते जेवायला गेले आणि ती संधी साधून मी पट्ट्यांच्या पोटाशी झटपट चिकटणारा डिंक लावला. सोबत माझी दोन बोटेही त्या बाजेला चिकटली आणि ती सोडवेपर्यंत आमटी गार झाली.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलांवर मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या आणि टेबलांमागे आजोबांची रांग होती. मुले बाहेर एम्पानादा, म्हणजे इकडच्या तिखट करंज्या, खात होती. आत वृद्ध मंडळी एकमेकांच्या कामाचे सांधे तपासत फिरत होती. ताताही ‘सहज’ आले होते आणि आमची पापाग आपलीच असल्याचे सकाळपासून प्रत्येकाला सांगत होते. एवढ्यात दुलांगवाल्या आजोबांनी ती हळूच उचलली, उलटी केली आणि पट्ट्यांच्या खाली चकाकणाऱ्या डिंकावर नख ठेवले.

ताता क्षणभरही अडखळले नाहीत.

“पाय माझे,” ते म्हणाले. “बाकीची भारतीय पद्धत आहे.”