‘सांगलीची हळद’ लेबलाच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार. गिऱ्हाईक ‘हळद’चं ‘हकद’ वाचतंय, काम चार दिवस उशिरा मिळालं आणि ‘नेटवरचा फुकट फॉन्ट लावून १,८०० रुपये उकळले’, असं आपण लिहिलंय. ‘ळ’ची चूक आमची. ५० ग्रॅमच्या पाकिटावर त्याचे दोन्ही गोल शाईनं भरले, ते मला आधी दिसायला हवं होतं. माफ करा.

पण ‘फुकट फॉन्ट’ हे मनाला लागलं.

आपण मोबाईलवर एक इंग्रजी लेबल दाखवलंत. जुन्या पत्रातल्यासारखं तिरकं, शेपट्या सोडलेलं अक्षर. म्हणालात, “असंच मराठीत करा.” तो फॉन्ट रोमन लिपीचा. त्यात मराठी टाइप केलं की चौकोन तरी येतात, नाहीतर कॉम्प्युटर आपला साधा ‘मंगल’ फॉन्ट लावतो. इंग्रजीचं लहान-मोठी धरून ५२ अक्षरांत भागतं. आपल्याकडं काना, मात्रा, वेलांट्या आणि वर जोडाक्षरं. मराठीतही फुकट फॉन्ट आहेत, मीही वापरतो. ‘कलम’ चांगला आहे, पण तो आजच्या हातचा, बोरूचा नव्हे. आणि पुष्कळ फॉन्टांत ‘ल’ हिंदी वळणाचा येतो. सांगलीच्या नावात पाकळीचा ‘ल’ नको?

म्हणून बोरू तिरका कापून दोन शब्द चाळीसेक वेळा लिहिले. एका कागदावरचा ‘ग’, दुसऱ्यावरचा ‘द’ निवडला, स्कॅन करून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक पॉइंट ओढला. ‘ची’ची वेलांटी मागं नेऊन अख्ख्या ‘सांगली’वर छत्रीसारखी धरलीय, ती कुठल्या फॉन्टात मिळते दाखवा. ती बघून आपणच “वा!” म्हणाला होतात.

हे अक्षर नावापुरतं ठेवू, बाकी मजकूर साधा घेऊ, असंही मी म्हटलं होतं. आपल्याला वजन, पत्ता, किंमत सगळं त्याच वळणात पाहिजे होतं. परवाना क्रमांक तेवढा मी हट्टानं साधा ठेवला, आणि आज लेबलावर तोच नीट वाचता येतोय. उशिराचं म्हणाल तर आधी नाव ‘राजापुरी हळद’ होतं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा नावात सांगली पाहिजे, हे आपल्याला तिसऱ्या दिवशी सुचलं. मुद्दा बरोबरच होता, पण लिहिलेले कागद रद्दीत गेले. मोबाईलवर पाठवलेल्या प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, रात्री पावणेबाराला आपला होकाराचा अंगठा आलाय, तो मी जपून ठेवलाय.

असो. ‘ळ’ मोकळा करून नवी फाईल देतो, त्याचे पैसे नाहीत. छपाईचं समक्ष बोलू. यापुढं प्रूफ मोबाईलवर न पाठवता खऱ्या मापात कागदावर दाखवायचा विचार आहे, बघू कसं जमतंय. मार्केट यार्डाकडं येता-जाता दुकानात या, चहा घेऊ.

आणि ते १,८०० पैकी ८०० अजून यायचेत. सवडीनं द्या, पण रिव्ह्यूत तेवढं दुरुस्त करा.